हॉटेल अन् गाडीची बोली: तालुक्याच्या गावातून भाव पाडायची रीत

आमच्या ऑनलाइन सेवा केंद्रात सातबारा, पीकविमा आणि दाखल्यांच्या रांगेत आता एक नवं काम येऊ लागलंय. "नागपुरात दोन दिवसांची रूम पाहून द्या न भाऊ, जरा स्वस्तातली." कुणाला मेडिकलला, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पेशंट दाखवायचा असतो, कुणाच्या पोरीचा पेपर असतो, कुणाला सुट्टीत ताडोबा नाहीतर चिखलदरा गाठायचा असतो. यातले बहुतेक जण बाजार समितीत सोयाबीनसाठी क्विंटलमागे पन्नास रुपयांवरून अडत्याशी वाद घालतील, पण मोबाइलवर हॉटेलचा भाव दिसला की तो छापील किंमत समजून भरून टाकतात. तो भाव छापील नसतो. सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा, आणि फोन केला तर तिसरा.

बोली चालते ती का

रात्री बारापर्यंत जी खोली गेली नाही, तिचे त्या रात्रीचे पैसे बुडालेच. उद्या ती खोली विकता येईल, पण आजची रात्र विकता येत नाही. त्यामुळे हॉटेलवाला रिकामी खोली कमी भावात द्यायला तयार असतो. अडचण एवढीच की तो भाव सगळ्यांना दिसला, तर पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईकही तोच मागेल. म्हणून कमी भाव लपवून द्यायची पद्धत निघाली.

अमेरिकेत प्राइसलाइन या कंपनीने १९९८ साली ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. हर्राशीत, म्हणजे लिलावात, व्यापारी वर चढत जातात, इथे गिऱ्हाईक खालून भाव सांगतं आणि ज्याला परवडेल तो माल देतो, अगदी उलटा प्रकार. तुम्ही शहराचा भाग सांगायचा, हॉटेल किती तारांकित हवं ते सांगायचं, भाव सांगायचा आणि कार्डाचा नंबर द्यायचा. एखाद्या हॉटेलने होकार दिला की पैसे लगेच कापले जायचे, हॉटेलचं नाव त्यानंतर कळायचं, आणि माघार नाही. विमानाच्या तिकिटांसाठीची ही सोय कंपनीने २०१६ मध्ये बंद केली, पुढे गाड्यांची आणि हॉटेलांचीही गुंडाळली. आज प्राइसलाइनवर आणि हॉटवायरवर तिचा धाकटा भाऊ उरलाय. भाव साइटच सांगते, भाग आणि दर्जा दाखवते, नाव मात्र झाकून ठेवते. अगोडासारख्या साइटवरही असे झाकलेले सौदे अधूनमधून दिसतात.

म्हणजे भाव तुम्ही टाइप करायचा अशी साइट आता विसरा. पण तो खेळ जमवायला जे डोकं लागायचं, ते आजही जसंच्या तसं चालतं, आणि आपल्याकडे तर फोनवर जास्तच चालतं.

आधी तळ शोधा

बोली लावायच्या आधी चालू भाव माहीत हवा. निदान दोन-तीन साइटवर तीच तारीख, तेवढीच माणसं टाकून बघा. पहिल्या पानावरचा आकडा धरू नका. पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत जा, कर आणि साइटची फी धरून जो आकडा येतो तो कागदावर लिहा. कूपनची सूट मिळत असेल तर ती वजा करून लिहा. १,४९९ ची खोली शेवटच्या पानावर १,७०० च्या घरात गेलेली मी रोज पाहतो.

मग कॅलेंडर पाहा. नागपुरात डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की वर्धा रोड, रामदासपेठ, सीताबर्डीकडच्या खोल्या आमदारांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि मोर्चेकऱ्यांच्या गर्दीने भरतात. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की तीच गत. मोठ्या परीक्षेच्या आदल्या रात्री आणि लग्नाच्या दाट तिथ्यांनाही भाव पाडून मागण्यात अर्थ नसतो, त्या दिवसांसाठी आधी बुकिंग करणं हेच स्वस्त.

याउलट दिवसही आहेत. ताडोब्याचा गाभा, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंद असतो, त्यामुळे सोमवारी रात्री मोहर्ली, कोलाराकडे खोल्या सुटतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंदच, तेव्हा तिथले रिसॉर्ट बफरच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलाच्या, पर्यटकांवर आणि पाऊस बघायला येणाऱ्यांवर चालतात. चिखलदऱ्यात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, पण मंगळवारी, बुधवारी मॅनेजर स्वतः विचारतो, "किती देता बोला."

रद्द होणारी खोली आधी हाताशी धरा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात कामाची हीच आहे. आधी "मोफत रद्द करता येईल" असं लिहिलेली, हॉटेलात गेल्यावर पैसे द्यायची खोली बुक करून ठेवा. रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ मोबाइलच्या गजरात टाका. आता डोक्यावर छप्पर पक्कं आहे. त्यानंतर झाकलेले सौदे बघा, फोन करा, घासाघीस करा. कमी भावाचा सौदा पक्का झाला की पहिली खोली रद्द करा. नाही झाला तर पहिली आहेच. ज्याच्या हातात खोली आहे तो फोनवर "बरं, राहू द्या" असं सहज म्हणू शकतो, आणि समोरच्याला ते आवाजावरून कळतं.

मात्र एकाच वेळी चार-चार खोल्या अडवून ठेवू नका. छोट्या हॉटेलवाल्याचं नुकसान होतं, आणि काही साइट असं खातं बंदही करतात.

नाव झाकलेलं हॉटेल ओळखणं

झाकलेला सौदा दिसला की त्यात भाग, दर्जा, गिऱ्हाइकांनी दिलेले गुण आणि सोयी एवढं साधारण उघडं असतं. दुसऱ्या खिडकीत तोच भाग, तोच दर्जा लावून नेहमीची यादी उघडा. पार्किंग, लिफ्ट, नाश्ता, पोहण्याचा तलाव असं एकेक चाळत गेलं की बऱ्याचदा दोन-तीन नावं उरतात. त्या तिन्हींपैकी कुठलंही मिळालं तरी चालेल असं वाटलं, तरच पैसे भरा. एकही नको वाटत असेल तर स्वस्ताई बघू नका.

आपल्याकडे यात दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे स्थानिक ओळखपत्र. बऱ्याच हॉटेलांत त्याच शहराचं आधार कार्ड चालत नाही. काटोल, रामटेक, उमरेडची मंडळी नागपूर जिल्ह्यातलीच, त्यांना कधीकधी काउंटरवरून परत पाठवतात. नाव उघड असेल तर फोन करून विचारता येतं, झाकलेल्या सौद्यात पैसे अडकतात. दुसरा खळगा चेक-इनचा. साइटवरची हॉटेलं दुपारी १२ नाहीतर २ नंतर खोली देतात. रात्रीच्या गाडीने पहाटे पाचला गणेशपेठच्या स्टँडवर उतरणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. अशा वेळी स्टेशनजवळचा चोवीस तासांच्या हिशोबाचा लॉज, म्हणजे ज्या वेळी घेतला त्या वेळी दुसऱ्या दिवशी सोडायचा, हा दिसायला साधा असला तरी खर्चात सरस पडतो.

फोनवरची बोली

साइट हॉटेलकडून कमिशन घेते. ते साधारण १५ टक्क्यांपासून वर असतं. समजा खोली २,००० ची दिसतेय आणि कमिशन १८ टक्के आहे, तर हॉटेलवाल्याच्या हातात १,६४० पडतात. तुम्ही थेट १,७५० दिले तर त्याचे ११० वाढले, तुमचे २५० वाचले. तुमची बोली या दोन आकड्यांच्या मधे बसवायची, एवढंच गणित.

पूर्वी यात एक अडसर होता. साइटवरच्या भावापेक्षा कमी भाव दुसरीकडे द्यायचा नाही अशी अट मोठ्या साइट हॉटेलांकडून लिहून घेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्या आदेशात मेकमायट्रिप-गोआयबिबोला अशा अटी काढायला सांगितलं होतं. तरीही काही मॅनेजर आजही "भाव सगळीकडे सारखाच" म्हणून टाळतात. मग भाव सोडून दुसरं मागा: नाश्ता, एक जास्तीची गादी, लवकर चेक-इन, किंवा उशिरा खोली सोडायची मुभा. पाच माणसांच्या घराला एक जास्तीची गादी फुकट मिळाली तर दुसऱ्या खोलीचे पैसेच वाचतात.

फोन करायची वेळ दुपारी दोन ते पाच. सकाळी काउंटरवर हिशोबाची गर्दी असते, रात्री मॅनेजर नसतो, पोऱ्या असतो, आणि त्याला भाव कमी करायचा अधिकार नसतो. बोलणं साधारण असं करावं:

"नमस्कार साहेब, मॅनेजर आहेत का? पंधरा तारखेला डबल रूम पाहिजे होती, दोन रात्री."
"मिळेल न. दोन हजार पर नाइट."
"अ‍ॅपवर पण तेवढाच दिसून राहिला. तुमच्याकडे डायरेक्ट आलो तर सतराशेत बसते का? नाश्त्यासह. आत्ताच अ‍ॅडव्हान्स टाकतो."
"सतराशेत नाही जमत दादा. अठराशे करा."
"अठराशे, कर धरून. चालते?"

नागपुरात पलीकडचा माणूस बऱ्याचदा हिंदीत सुरू होतो, त्याने बिचकायचं कारण नाही, "लास्ट क्या होगा भैया" हे वाक्य सगळ्या विदर्भाला येतं. यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. तारीख आणि रात्री आधीच सांगा, म्हणजे गिऱ्हाईक खरं आहे हे त्याला कळतं. आकडा तुम्ही सांगा, "काही कमी करा न" असं मोघम म्हटलं की तो पन्नास रुपये कमी करतो. आणि कर धरून की कर सोडून हे त्याच फोनवर पक्कं करा. भाव ठरला की व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, खोली, माणसं, नाश्ता, एकूण रक्कम असं लिहून घ्या. तोंडी ठरलेला भाव रात्रपाळीच्या माणसाला माहीत नसतो.

साडेसात हजारांची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं खोलीभाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. साध्या लॉजवाल्यांना याने फरक पडत नाही, पण ताडोबा, पेंचकडे चांगल्या रिसॉर्टचे भाव नेमके याच रेघेच्या आसपास घुटमळतात. ७,८०० च्या खोलीवर १,४०४ रुपये कर लागून ती ९,२०४ ला पडते. तीच ७,५०० ला ठरली तर कर ३७५ आणि एकूण ७,८७५. रिसॉर्टवाल्याने ३०० सोडले, तुमचे १,३२९ वाचले. त्याला हे हिशोब सांगून मागा, बहुतेक जण ऐकतात. जेवण आणि सफारी धरून पॅकेज असेल तर बिलात काय काय धरलंय ते आधी विचारा. आणि सफारीचं शुल्क वनविभागाचं असतं, ते ठरलेलं, त्यात घासाघीस होत नाही. कुणी "आतून करून देतो" म्हणत असेल तर तिथून उठा.

इथे बोली लावू नका

दवाखान्याच्या कामासाठी परत न मिळणारी खोली घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो. मेडिकल असो, मेयो असो की मिहानमधलं एम्स, डॉक्टर उद्या या म्हणतात, तपासणी लांबते, पेशंटला भरती करून घेतात. तिथे रद्द होणारी किंवा एकेक रात्र वाढवता येणारी खोलीच घ्यावी. धंतोली, रामदासपेठेच्या खासगी दवाखान्यांजवळचे लॉज नातेवाइकांना आठवड्याच्या हिशोबाने वेगळा भाव देतात, तो जाऊन, समोर बसूनच ठरतो.

शेगावलाही हा खेळ नाही. संस्थानच्या भक्तनिवासाचे दर मुळातच माफक असतात, ते तिथल्या काउंटरवरूनच घ्यावेत.

गाडी: परतीची, बोलीची, स्वतः चालवायची

गाडीत सगळ्यात मोठी बचत कुठल्याच साइटवर दिसत नाही. यवतमाळहून नागपूर विमानतळावर माणूस सोडायला गेलेली गाडी रिकामी परत येते. तिच्या मालकाला जाण्याचे पैसे दोन्ही बाजूंचे मिळालेले असतात, येताना जे मिळेल ते वरचं. म्हणून आपल्या गावच्या दोन-चार गाडीवाल्यांचे नंबर ठेवा आणि आदल्या दिवशी विचारा, "उद्या नागपूरवरून कोणाची रिटर्न आहे का?" त्यांचे आपसात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, दहा मिनिटांत उत्तर येतं.

पूर्ण गाडी करायची तर कमीत कमी किलोमीटरची अट आधी विचारा. बाहेरगावी जाणाऱ्या गाडीला दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात, चालो न चालो. यवतमाळ-नागपूर साधारण १५० किलोमीटर. समजा भाव किलोमीटरला १४ रुपये आहे आणि तुम्ही दोन दिवस गाडी ठेवली, तर प्रत्यक्षात ३०० चालली तरी बिल ६०० चं, म्हणजे ८,४०० रुपये. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. त्यापेक्षा जाताना एक गाडी सोडायला, शहरात ऑटो किंवा अ‍ॅपची टॅक्सी, आणि येताना रिटर्न गाडी असं केलं तर खर्च बराच खाली येतो. म्हातारं माणूस सोबत असेल तर गोष्ट वेगळी, दारात उभी गाडी तेव्हा महाग वाटत नाही.

खरीखुरी बोली आज चालते ती इनड्राइव्हसारख्या अ‍ॅपवर. रशियातल्या याकुत्स्क या कडाक्याच्या थंडीच्या शहरात टॅक्सीवाल्यांनी भाव चढवले तेव्हा लोकांनी आपसात सुरू केलेल्या सोयीतून ही कंपनी उभी राहिली, आता भारतातल्या काही शहरांतही ती आहे. तुम्ही भाडं सांगता, ड्रायव्हर होकार देतो किंवा आपला आकडा टाकतो. सुचवलेल्या भाड्याच्या जरा खालून सुरू करा. फारच खाली गेलात तर कुणी फिरकत नाही, आणि आलेला ड्रायव्हर वाटेत "एसी नाही चालणार" म्हणून वसूल करतो. बसण्याआधी अ‍ॅपवरचा गाडीचा नंबर आणि समोरचा नंबर जुळतो का ते पाहा.

नंबरप्लेटबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या भागात इथेच दुर्लक्ष होतं. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी. "मित्राची अर्टिगा आहे, फक्त किलोमीटरला दहा रुपये" हा सौदा गावोगावी चालतो, पण भाड्याने दिलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. वाचलेल्या हजाराच्या बदल्यात केवढी जोखीम घेतोय ते आधी ठरवा.

स्वतः चालवायची गाडी घेताना चारही बाजूंचा, चाकांचा, डिकीचा आणि काट्यावरच्या किलोमीटरचा व्हिडिओ मालकासमोरच काढा. इंधनाचा काटा त्यात आलाच पाहिजे. किलोमीटरची मर्यादा, अनामत आणि फास्टॅगचे पैसे कोण भरणार ते विचारा. समृद्धी महामार्गावर सपाट भागात कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. रस्ता मोकळा दिसला म्हणून पुढे गेलात तर ई-चलन मालकाच्या मोबाइलवर येतं आणि तुमच्या अनामतीतून जातं.

पोरं अमेरिकेत असतील तर

पदवीदानाला किंवा नातवाच्या बारशाला जाणारी मंडळी आता आमच्याही तालुक्यात आहेत. तिथे प्राइसलाइन आणि हॉटवायरचे झाकलेले सौदे खरोखर उपयोगी पडतात, पण पैसे परत नाहीत आणि तारीख बदलत नाही. व्हिसा, विमान आणि पोराची सुट्टी तिन्ही पक्की झाल्यावरच त्याला हात घाला. काही हॉटेलं रिसॉर्ट फी वेगळी घेतात, एकूण आकडा पाहा. आपल्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बसतो, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी, म्हणून पैसे पोराच्या तिथल्या कार्डाने भरलेले बरे.

गाडीचा झाकलेला सौदा घेताना बुकिंग ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं लागतं. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी अडवतात. चालक २५ वर्षांखालचा असेल तर रोजचा जादा आकार लागतो, तो सौद्याच्या भावात दिसत नाही. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. अर्ज नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत हवाच. विम्याबद्दल काउंटरवर विचारतील तेव्हा नुसतं "यस, यस" करू नका, पोराला पुढे करा. तिथे होकार दिला की विम्याचे पैसे भाड्यावर वेगळे चढतात.

पैसे पाठवण्याआधी

हॉटेलचा नंबर गूगलवर पहिला दिसला म्हणून लावू नका. हॉटेलांच्या आणि देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने खोटी पानं आणि खोटे नंबर फिरत असतात. नकाशावरचा नंबर, बुकिंग साइटवरचा नंबर आणि जुन्या बिलावरचा नंबर यातले दोन तरी जुळले पाहिजेत. अ‍ॅडव्हान्स एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका. यूपीआयवर पैसे टाकताना समोर हॉटेलचं नाव येतं की कुणा माणसाचं ते वाचा, माणसाचं आलं तर फोन करून विचारा. "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर सोमवारी बँकेत जाऊ म्हणून थांबू नका, लगेच १९३० वर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवूनच लावा, तिथे पहिल्यांदा तेच विचारतात.